वर पडून गेलाय

२०२३च्या जूनचा पहिला आठवडा होता. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात सकाळी नऊलाच जीव नकोसा झाला होता. आभाळ भरून यायचं, सगळी हवा कोंडून धरायचं आणि एक टिपूसही न गाळता तसंच पुढे सरकायचं. बाजाराच्या कडेला ओलं गोणपाट अंथरून एक बाई शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसली होती. बाजूला पळसाच्या पानावर काकडं या आंबट रानफळांचे लहान लहान वाटे. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, एक जुडी उचलून पाहिली आणि विचारलं, "मावशी, शेवळं आली म्हणजे आता पाऊस आलाच म्हणायचा ना?" त्या विचारण्यात आर्जवच जास्त होतं. त्या दिवसांत जो तो भेटेल त्याला हेच विचारत होता. ती एका सुटलेल्या जुडीला बंध घालत होती. मान वर न करताच म्हणाली, "त्ये मला काय ठावं, ताई. वर पडून गेलाय, म्हनून ही निघालीत." वर म्हणजे कुठे, असं विचारल्यावर तिने हनुवटीनेच पूर्वेकडे खूण केली. "डोंगरात."

मी दोन जुड्या घेतल्या, काकडं घेतली आणि घरी आले. पण तिचं बोलणं काही डोक्यातून जाईना. आमच्या घरात शेवळं म्हणजे पावसाची वर्दी. आई, मावश्या, आत्या, सगळ्यांच्या तोंडी एकच, शेवळं आली, आता पाऊस दारात. आणि जिने ती स्वतः रानात फिरून खुडून आणली होती, ती मात्र येणाऱ्या पावसाबद्दल अवाक्षर काढायला तयार नव्हती. ती बोलत होती ती होऊन गेलेल्या पावसाबद्दल.

शेवळं निवडायला बसलं की हात चालू असतात आणि डोकं मोकळं असतं. आधी दोन्ही हातांना तेल चोळायचं, नाहीतर रात्रभर खाजवत बसावं लागतं. प्रत्येक शेवळ मिटलेल्या छत्रीसारखं स्वतःभोवती गुंडाळलेलं. बाहेरून मातकट तपकिरी, जरा जांभळट झाक असलेलं, बुडाशी हिरवट. बोटाने कड धरून ते आवरण उलगडलं की आतून जाड दांडा निघतो आणि त्याच्या खालच्या अंगाला दाणेदार पिवळसर पट्टा असतो. तो खरवडून टाकायचा, तोच सर्वांत जास्त खाजरा. शेवळाच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. म्हणून तर काकडं. आवळ्याहून लहान, हिरवी, दात आंबवणारी फळं उकळून त्यांचं पाणी भाजीत घातल्याशिवाय शेवळं चुलीवर चढत नाहीत. वास म्हणाल तर कच्च्या शेवळाला ओल्या मातीचा आणि थोडा कुजका असा मिसळलेला वास असतो. रानात पूर्ण उमललेल्या शेवळाचा वास तर लांबूनच नाक धरायला लावतो. माशा आणि भुंगे यावेत म्हणून ती सगळी तयारी. आपण भाजी म्हणतो, पण ते आहे फूल, किंवा नेमकं सांगायचं तर शेकडो बारीक फुलांचा दांडा. पान मागाहून येतं, पावसाने जोर धरल्यावर.

तो पाऊस आला २५ जूनला. हवामान खात्याने मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी मोसमी पाऊस पोचल्याचं जाहीर केलं. असं त्याआधी १९६१ साली झालं होतं. म्हणजे बाजारात शेवळं आल्यानंतरही आम्ही पुढे कितीतरी दिवस आभाळाकडे डोळे लावून बसलो होतो. शेवळं खोटं बोलली होती का? त्या बाईच्या हिशोबाने अजिबात नाही. डोंगरात वळीव पडून गेला होता, माती भिजली होती, कंद जागे झाले होते. शेवळांनी एवढंच सांगितलं होतं. बाकीचं आम्ही त्यांच्या तोंडी घातलं होतं.

त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी नातेवाइकांच्या ग्रुपवर बहाव्याचा फोटो फिरला होता. दरवर्षी फिरतो. पिवळ्याधमक घोसांनी लगडलेलं झाड आणि खाली मजकूर, की बहावा फुलला, आता बरोबर ४५ दिवसांनी पाऊस, आपले पूर्वज किती ज्ञानी होते, पुढे पाठवा. मीही तो फोटो वर्षानुवर्षं प्रेमाने पाहत आले आहे, कारण बहावा माझं लाडकं झाड. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक आहे. पानं गळून खराटा झालेल्या झाडावर एक दिवस टोकांना हिरवट मण्यांच्या माळा दिसतात आणि आठवडाभरात त्या सगळ्या उमलून खाली लोंबायला लागतात. ऊन त्यांच्यातून गाळून येतं, तेव्हा खाली उभ्या केलेल्या स्कूटरची काळी सीटसुद्धा पिवळी दिसते. फोनमध्ये या झाडाचे माझ्याकडे वर्षावर्षाचे फोटो आहेत. २०२३च्या एप्रिलात ते फुललं होतं, २०२५च्या एप्रिलातही फुललं होतं. २०२३ साली पाऊस मुंबईत आला २५ जूनला आणि २०२५ साली २६ मेला. दोन पावसांत महिन्याचं अंतर आणि झाड मात्र दोन्ही वर्षी आपल्या वेळेवर.

बहाव्यावर माझा राग नाही. त्याचं फुलणं उन्हाशी बांधलेलं आहे. उन्हाळा तापला, झाडाने पानं टाकली, की घोस येतात. उन्हाळ्यानंतर पावसाळा येतो, म्हणून बहाव्यानंतरही पावसाळा येतो. शहरात तर भिंतींच्या झळा, डांबर, रात्रभर जळणारे दिवे. एकाच रस्त्यावरचे दोन बहावे पंधरा-वीस दिवसांच्या फरकाने फुलतात. मग ४५ दिवस मोजायचे ते कुठल्या झाडापासून? पहिल्या घोसापासून की झाड पूर्ण पिवळं झाल्यापासून? त्या मजकुरात हे कधीच नसतं. जी माणसं खरोखर झाडांकडे पाहून शेती करत होती, त्यांना हा प्रश्न पडल्याशिवाय राहिला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

माझं आजोळ सुधागड तालुक्यातलं, पालीपासून आत. भाताचं गाव. मेच्या सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा घरात एकच शब्द कानावर पडायचा, आगोट. आगोटीची कामं म्हणजे पावसाच्या आधी उरकायची सगळी कामं. सुकी मासळी भरून ठेवायची, मिरच्या-हळद कांडून घ्यायची, पापड वाळवायचे, लाकूडफाटा पडवीत रचायचा, शेणी उतरवायच्या, कौलं परतायची, पश्चिमेच्या भिंतीला झडप बांधायची. त्यात राब भाजायचे. वाफ्यावर पालापाचोळा, शेण, गवताचा थर देऊन तो पेटवायचा आणि भाजलेल्या त्या मातीत नंतर भाताचं बी टाकायचं. मे महिन्यातल्या संध्याकाळी अख्ख्या खोऱ्यावर या धुराचा निळसर पडदा असायचा. आजही कुठे पालापाचोळा जळल्याचा वास आला की मला घामाने चिकटलेला फ्रॉक आणि आंब्याचा चीक लागून काळे झालेले ओठ आठवतात.

या कामांना तारखा नव्हत्या. भिंतीवर दिनदर्शिका होती, पण ती एकादशी-चतुर्थीसाठी आणि दुधाचा हिशोब मांडण्यासाठी. कामाचं वेळापत्रक आजीच्या बोलण्यात असायचं आणि त्यात फुलं असायची. कुडा फुलला की तिची राबाची घाई सुरू व्हायची. आमच्या घरामागच्या उतारावर कुड्याची झुडपं होती. पांढऱ्या फुलांचा मंद गोड वास रात्री जास्त यायचा आणि सकाळी आजी तीच फुलं ओच्यात भरून आणून भाजी करायची, कडसर, पण भाकरीबरोबर फार छान लागणारी. त्यानंतर केव्हातरी संध्याकाळचा एखादा वळीव यायचा. विजा, गारा, अंगणातल्या वाळवणावर तुटून पडणारी बायकांची फौज. आणि दोन-चार दिवसांनी विहिरीच्या वाटेवर, जिथे आदल्या दिवशी नुसती भेगाळलेली जमीन होती तिथे, पानांशिवाय, थेट मातीतून पांढरी फुलं वर आलेली असायची. आजी त्यांना नुसतं "पावसाची फुलं" म्हणायची. आम्ही मुलं ती तोडायला धावायचो आणि ती ओरडायची, पण तिचं ओरडणं आमच्यासाठी नसायचंच. ती मामाला हाका मारत असायची. पावसाची फुलं आली, अजून कौलांवर माणूस नाही चढला!

मला वाटतं, सगळं गमक त्या हाकेत आहे.

पावसाची फुलं आली म्हणजे पाऊस येणार, असं आजी कधी म्हणाली नाही. तो येणार हे तिला ठाऊकच होतं. मृग लागायचा तेव्हाच लागणार, सात-आठ जूनला. त्याचं वाहन बेडूक आहे की म्हैस आहे की कोल्हा, ते पंचांग वाचून कुणीतरी सांगायचं आणि त्यावर पडवीत चर्चा व्हायची. फुलांकडून तिला हवं होतं ते वेगळंच. आपण कुठवर आलो, एवढंच. माती एकदा भिजली आहे, यापुढची सर कधी झोडपेल याचा भरवसा नाही, तेव्हा जे काम ओलं होऊन चालणार नाही ते आधी हातावेगळं करा. कुड्याच्या फुलाला राब बांधलेला, पांढऱ्या फुलांना कौलं, शेवळांना बी-बियाणं. आणि पहिल्या दमदार पावसानंतर तांबड्या मखमलीचा मृगाचा किडा मातीवर फिरायला लागला की नांगराला बैल. फुलाचं नाव आणि कामाचं नाव एका दमात घेतलं जायचं. पावशा "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणतो असं आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलं आहे. त्या पक्ष्याच्या तोंडीही पावसाची बातमी दिलेली नाही, आज्ञा दिलेली आहे, पेरण्याची.

त्या संध्याकाळी शेवळं शिजत असताना मी बृहत्संहिता काढून बसले. सहाव्या शतकातल्या ज्योतिषी वराहमिहिराने त्यात एक अख्खा अध्याय फुलांना दिला आहे, कुसुमलताध्याय. कुठल्या झाडाला भरघोस फुलं-फळं आली तर कुठलं धान्य पिकेल, कशाची चंगळ होईल, कशाची टंचाई, याची ती यादी आहे. जांभूळ लगडलं तर तीळ आणि उडीद, मोहाला बहर आला तर गहू, बोरींवरून कुळीथ, पिंपळावरून सगळीच पिकं. आंबा चांगला तर क्षेम, बिब्बा फुलला तर भय, खैर आणि शमी बहरली तर दुष्काळ, अर्जुन बहरला तर उत्तम पाऊस, कवठावरून वारा. आणि माझ्या आजीचा कुडा? त्याच्या वाट्याला वराहमिहिराने रोगराईचं भय दिलं आहे. वाचून मला वाईटच वाटलं. मेघदूतातला यक्ष आषाढातल्या ढगाचं स्वागत करतो ते कुड्याच्याच ताज्या फुलांनी. माझं मन तिथे कालिदासाच्या बाजूने आहे.

पण त्या अध्यायाच्या शेवटी एक श्लोक आहे आणि तो मला बाकी सगळ्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो. ज्या काळात झाडं, झुडपं आणि वेली यांची पानं तुकतुकीत आणि छिद्रं नसलेली दिसतात, त्या काळात पाऊस चांगला. पानं रूक्ष आणि भोकं पडलेली दिसली तर थोडा. हे सांगणारा माणूस पानाला हात लावून आलेला आहे. यादीतलं खैर-शमीचं नातं कुठून आलं ते मला जोडून पाहता येत नाही, पण पानाचा तुकतुकीतपणा म्हणजे मुळाशी किती ओल आहे आणि किडीने किती खाल्लं आहे याची सरळ नोंद. पुन्हा तेच, होऊन गेलेल्याची नोंद.

फुलांकडून हवेचा अंदाज घेण्याची गोष्ट आपल्याकडचीच आहे असं नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५१ साली फुलांच्या उमलण्या-मिटण्याच्या वेळा मांडताना त्यांचे तीन गट पाडले होते. काही फुलं दिवसाच्या लांबीप्रमाणे वेळ बदलणारी, काही घड्याळासारखी ठरल्या तासाला उमलणारी आणि काही हवेप्रमाणे वेळ मागेपुढे करणारी. या तिसऱ्या गटाच्या फुलांनाच युरोपातल्या खेड्यांनी कौतुकाची नावं दिली. इंग्लंडमध्ये शेताच्या कडेला स्कार्लेट पिंपर्नेल नावाचं बोटाच्या नखाएवढं लालसर फूल येतं. सकाळी आठच्या सुमाराला उमलतं, दुपारी तीनला मिटतं. पण हवा दमट झाली, ढग आले, की वेळ न पाहता पाकळ्या आवळून घेतं. म्हणून लोकांनी त्याला मेंढपाळाचा बॅरोमीटर म्हटलं, गरिबाचा बॅरोमीटरही म्हटलं. आल्प्सच्या बाजूला जमिनीसरशी फुलणारा एक रुपेरी काटेरी गेंद असतो, जर्मन बोलणारे लोक त्याला हवेचा काटा अशा अर्थाच्या नावाने ओळखतात आणि वाळलेलं फूल घराच्या दारावर लावून ठेवतात. दमट हवेत त्याच्या भोवतीच्या कडक पाकळ्या मिटतात, कोरड्या हवेत उघडतात. जिवंत असण्याचीही त्याला गरज नाही. ओलीने तंतू फुगतात, एवढाच तो खेळ.

गंमत अशी की तो मेंढपाळाचा बॅरोमीटर आपल्याकडेही आहे. रब्बीच्या शेतात, गव्हा-हरभऱ्याच्या बुडाशी, थंडीत तो तण म्हणून उगवतो. आपल्याकडचा निळा, इतका गडद निळा की मधल्या जांभळ्या ठिपक्यासकट तो डोळ्यात भरतो. तोही ऊन असेल तेव्हाच उघडतो आणि संध्याकाळच्या आत मिटून बसतो. पण आजोळच्या वालाच्या शेतात तो मी लहानपणापासून पाहत आले, आणि त्याच्याकडे बघून हवेबद्दल कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. निंदताना उपटून बांधावर टाकायचा, एवढाच त्याचा मान. हे मला बराच काळ अन्यायाचं वाटायचं. आता वाटतं, त्यात आश्चर्य काही नाही. इंग्लंडमधल्या मेंढपाळाला रोजची चिंता, आज दुपारी गवत कापून पसरावं की नाही, मेंढरं टेकडीवर न्यावीत की नाही. पाऊस तिथे बारा महिने केव्हाही येतो. त्याला तासाचं उत्तर देणारं फूल हवं होतं, त्याने ते शोधलं आणि नाव दिलं. आपल्याकडे प्रश्न वर्षातून एकदा विचारायचा आणि त्याच्यावर वर्षभराची भाकरी. त्यामुळे आपली हवामान सांगणारी सगळी फुलं मे आणि जूनमध्ये गर्दी करतात. जिथे जिवाला घोर, तिथे माणूस फुलाकडे निरखून पाहतो. जानेवारीतल्या त्या निळ्या फुलाकडे तसं पाहायला कोकणातल्या भातशेतकऱ्याला कारणच पडलं नाही.

पुण्याला शिकत असताना मी रोज शिमला ऑफिसवरून जायचे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून त्या इमारतीला आणि चौकाला ते नाव चिकटलं. बसमधून ती दगडी इमारत आणि तिचा मनोरा दिसला की मला वाटायचं, आत बसलेल्यांना सगळं आधीच कळत असेल. खातं स्थापन झालं १८७५ साली आणि पहिला मोसमी अंदाज निघाला तो १८८६ साली, हिमालयात किती बर्फ पडलं आहे त्यावरून. म्हणजे सुरुवात त्यांचीही खुणेपासूनच, फक्त ती खूण फुलाची नव्हती. आज त्यांच्याकडे उपग्रह आहेत, महासंगणक आहेत, आणि त्यांच्या अंदाजांनी कोळ्यांचे किती जीव वाचतात हे मी चक्रीवादळांच्या वेळी कोकणात पाहिलं आहे. त्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण केरळात मान्सून आला असं खातं कसं जाहीर करतं, हे जेव्हा मी वाचलं तेव्हा मला जांभळी नाक्यावरची ती बाई आठवली. १० मेनंतर, मिनिकॉयपासून मंगळूरपर्यंतच्या ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान २.५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, शिवाय वाऱ्याची खोली आणि ढगांची मापं जुळली, तर त्या दोनांतल्या दुसऱ्याच दिवशी मान्सून आल्याची घोषणा होते. येईल कधी, याचा अंदाज आधी देतात. पण "आला" हे म्हणायचं ते पडून गेल्यावर, मोजून झाल्यावर.

वर पडून गेलाय, म्हणून ही निघालीत.

हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. शास्त्र खरं की पूर्वजांचं ज्ञान खरं, या रोजच्या भांडणात मला कधीच कुठली बाजू घेता आली नाही. बहाव्याचा मजकूर पाठवणारे माझे काका आणि त्याखाली "हे सगळं थोतांड आहे" असं लिहिणारा माझा भाचा, दोघंही भल्या मनाची माणसं, पण दोघांपैकी कुणीही पेरणी करत नाही. पेरणी करणाऱ्यांच्या हातातून सुटलं, की फुलाच्या नावातलं काम गळून पडतं आणि नुसतं भाकीत उरतं. मग ते चमत्कार म्हणून मिरवलं जातं नाहीतर अंधश्रद्धा म्हणून झटकलं जातं. आजीला मात्र कौलांवर माणूस चढवायचा असायचा.

आता तिच्या घराला कौलं नाहीत. मामेभावाने स्लॅब टाकला, त्यावर गळती लागली म्हणून पुढे पत्र्याची शेड उभी केली. झडप बांधायला लागत नाही, मासळीला फ्रीज आहे. मला त्याचं वाईट वाटायला हवं असं कधी कधी लोक सुचवतात, पण मेच्या उन्हात कौलं परतताना मामा एकदा वाशावरून घसरला होता आणि महिनाभर त्याचा हात गळ्यात होता, ते मी पाहिलं आहे. स्लॅबचं मला सुखच वाटतं. वाईट वाटतं ते वेगळ्या गोष्टीचं. विहिरीच्या वाटेवर आता सिमेंटचा रस्ता आहे आणि पावसाची फुलं फक्त कुंपणाच्या कडेला, दोन-चार दिसतात. माझ्या मामेबहिणीच्या कुंड्यांमध्ये गुलाबी रेन लिली आहे. ती मूळ अमेरिका खंडातली. तीही कोरडी पडलेली माती एकदा सडकून भिजली की फुलते. बहिणीची मुलं तिलाच "पावसाची फुलं" म्हणतात. आजीने ठेवलेलं नाव एका परदेशी कांद्याने पुढे चालवलं, हे मला आवडतं. आणि रुखरुखही लागते, कारण ज्या फुलाचं ते नाव होतं त्याला आता नाव नाही.

शेवळांचं तसंच काहीसं. कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे शेवळं मानाने मांडलेली असतात, फोटो निघतात, पाककृती छापल्या जातात. मलाही तिथे जायला आवडतं. पण प्रत्येक जुडी म्हणजे फळ धरायच्या आत खुडलेली फुलं. त्यांचं बी त्या डोंगरावर पडणार नाही. पूर्वी गावापुरती खुडायचे, आता ठाणे, कल्याण, मुंबई असा सगळा बाजार आहे. आणि जे डोंगर वणव्यातून वाचले तिथे प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात. दोन जुड्या घेताना त्या बाईच्या हातात पैसे पडले याचं समाधान असतं आणि डोंगरातली दोन मुठी शेवळं कमी झाली हेही ठाऊक असतं. मी दोन्ही घेऊन घरी येते.

२०२५च्या मेमध्ये वळवाने लवकरच सपाटा लावला. महिन्याचा पहिला आठवडा सरताना ठाण्यात वादळी पाऊस झाला आणि पुढे थांबून थांबून येतच राहिला. महिन्याच्या मध्यावर मामेभावाचा फोन आला, "ताई, उतारावर शेवळं आलीत, पाठवू का?" नेहमीपेक्षा बरीच आधी होती. मामी मागून बोलत होती ते मला ऐकू येत होतं. शेवळांचं राहू दे, बियाण्याचं बघ म्हणावं. राब त्याने भाजून ठेवले होते, पण बियाणं घ्यायला गेला तर ते अजून आलंच नव्हतं. पुरवणाऱ्यांनी जूनचा हिशोब धरला होता. २४ मेला केरळात मान्सून दाखल झाला आणि २६ मेला मुंबईत. नेहमीची तारीख ११ जून; मुंबईच्या आजवरच्या नोंदींत एवढ्या लवकर तो कधीच आला नव्हता. सुधागडच्या खाचरांत पाणी उभं राहिलं. आमच्याकडे कोरड्या मातीत बी फेकून ठेवायची पद्धत आहे, धूळवाफेची. ती त्या वर्षी गेलीच.

मामीने मग घरातलं ठेवणीतलं भात काढलं आणि रहू धरायला सांगितलं. भात रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, तरंगलेलं फोल काढून टाकायचं, गोणपाटात बांधून वर पेंढा आणि दगड ठेवायचे. दोन दिवसांत पोतं हाताला गरम लागतं आणि उघडलं की प्रत्येक दाण्याला पांढरा मोड फुटलेला असतो. तोवर वाफ्यात चिखल करून त्यावरचं पाणी काढून द्यायचं आणि ते मोड आलेलं बी हलक्या हाताने चिखलावर फेकायचं, दाणा बुडता कामा नये. मामेभावाने यातलं काही पूर्वी एकट्याने केलं नव्हतं. त्याने मला व्हिडिओ पाठवला. त्यात मामी बांधावर छत्री धरून उभी आहे, तो गुडघाभर चिखलात आहे आणि ती त्याला सारखी सांगते आहे, मूठ सैल सोड, मूठ सैल सोड. खाली त्याने लिहिलं होतं, "मृग लागायच्या आत राबात बी पडलं. निम्मं तरी पडलं. उरलेलं बियाणं आल्यावर."